धुऱ्याचा दगड आणि जिनिव्हाची कचेरी

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मागच्या बैठकीत एक म्हातारे कास्तकार उभे राहिले आणि त्यांनी आम्हाला विचारले, "साहेब, कापूस पडला की तुम्ही म्हणता बाजार जगाचा आहे. मग हे जग बसते कुठे? त्याची कचेरी कुठे आहे? अर्ज कोणाकडे द्यायचा?" सभा हसली, आम्हीही हसलो. पण रात्री एस.टी.त बसल्यावर लक्षात आले की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. आज त्याचेच उत्तर द्यायला आम्ही उभे आहोत.

कचेरी आहे. स्वित्झर्लंड देशात जिनिव्हा नावाचे शहर आहे, तिथे तळ्याच्या काठावर ती आहे. तिचे नाव जागतिक व्यापार संघटना. १ जानेवारी १९९५ला ती सुरू झाली. आज १६६ देश तिचे सभासद आहेत. तिच्या आधी गॅट नावाचा करार होता. तो १९४७ साली २३ देशांनी केला आणि त्या २३ देशांत भारत होता. म्हणजे आपण तिथे नवखे नाही. पण एक गोष्ट पहिल्यांदाच सांगून ठेवतो. त्या कचेरीत शेतकऱ्याचा अर्ज चालत नाही. अर्ज फक्त सरकारचा चालतो. आपल्या नावाने तिथे जे काही बोलले जाते ते सरकार बोलते. ते काय बोलते हे आपण कधी विचारले नाही, आणि त्याने कधी सांगितले नाही.

आम्ही कृषी महाविद्यालयात चार वर्षे काढली. नत्र, स्फुरद, पालाश शिकलो. बोंडअळीच्या किती पिढ्या होतात ते शिकलो. पण बोंडातून निघालेल्या कापसाचा भाव कोण ठरवतो, याचा एक तासही झाला नाही. पदवी हातात पडली तो २००१-०२चा हंगाम होता. त्या हंगामाने आम्हाला जे शिकवले ते पुस्तकात नव्हते. त्याकडे येतोच. पण आधी आपल्याच घरापासून सुरुवात करू.

दावण आणि कणगी

सगळे म्हणतात, देश देशाला काही देत नाही, सगळे आपमतलबी. हे अर्धेच खरे आहे. आपल्या दावणीत पाहा. घरात वडीलधारे असतील तर त्यांना बुळकांडी विचारा. बुळकांडी गावात शिरली की दावणीच्या दावणी रिकाम्या व्हायच्या आणि पेरणीला बैल उरायचा नाही. आज पंचविशीतल्या पोराला हा शब्दही माहीत नाही. का नाही? कारण तो रोग पृथ्वीवरून गेला.

तो आपोआप गेला नाही. १९२० साली हिंदुस्थानातून ब्राझीलकडे निघालेली गुरे बेल्जियमच्या अँटवर्प बंदरातून पुढे जायची होती. त्यांच्याबरोबर बुळकांडी बेल्जियममध्ये शिरली. तेव्हा युरोपची झोप उडाली. कोणत्याही एका देशाने कितीही पहारा ठेवला तरी शेजारी रोग लपवत असेल तर उपयोग नाही, हे सगळ्यांना कळले. १९२४ साली २८ देशांनी पॅरिसला गुरांच्या रोगांसाठी एक कचेरी काढली. नियम साधा होता. आपल्याकडे रोग दिसला की ताबडतोब इतरांना कळवायचे, लपवायचे नाही. पुढे केनियात वॉल्टर प्लोराइट या शास्त्रज्ञाने चांगली लस तयार केली. ती देशोदेशी टोचली गेली. भारतात शेवटची लागण १९९५ साली झाली, जगात शेवटची २००१ साली केनियात. २०११ साली जगाने जाहीर केले की बुळकांडी संपली. माणसांची देवी आणि गुरांची बुळकांडी, एवढे दोनच रोग माणसाने पुरते संपवले आहेत. दोन्ही वेळा सगळे देश एकत्र आले म्हणूनच ते जमले.

आता कणगीत पाहा. खरिपाच्या ज्वारीला आपण सरळ 'हायब्रीड' म्हणतो. पावसात सापडली की काळी पडते, कडबा आखूड येतो, या तिच्या खोडी आपण जाणतो. पण तिने घरात दाणा आणला हेही आपण जाणतो. १९५४ साली अमेरिकेत टेक्सासमध्ये ज्वारीची नरवंध्य मादी सापडली. त्या शोधावर संकर बियाण्याचा सगळा धंदा उभा राहिला. १९६४ साली आपल्याकडे सीएसएच-१ आली, ती भारताची पहिली संकरित ज्वारी. तिची मादी टेक्सासहून आलेली काफिर जातीची होती, आणि काफिर ज्वारी मुळातली दक्षिण आफ्रिकेकडची. १९७२ साली हैदराबादजवळ पटनचेरूला इक्रिसॅट ही कोरडवाहू पिकांची आंतरराष्ट्रीय संस्था निघाली. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग यांचे देशोदेशीचे वाण तिथे थंड खोलीत जपून ठेवले आहेत. २००१ साली तर ज्वारीसारख्या अन्नपिकांच्या वाणांची देवाणघेवाण खुली राहावी म्हणून देशांनी करारही केला. त्या करारातल्या पिकांच्या यादीत ज्वारी आहे. कापूस नाही.

ही यादी नीट ध्यानात ठेवा. गुरांचा रोग आणि खाण्याचे बियाणे, इथे देश एकत्र आले. कारण इथे दुसऱ्याला दिल्याने आपले कमी होत नाही. शेजाऱ्याची गाय बरी झाली तर आपलीही वाचते. पण भावाचे तसे नाही. एकाचा भाव पडतो तेव्हा दुसऱ्याची सूतगिरणी चालते. तिथे बंधुभावाची भाषणे चालत नाहीत. तिथे धुऱ्याचा दगड लागतो.

दगड कोणाला हवा?

तुमचे वावर तीन एकरांचे आहे. शेजारी पन्नास एकरांचा मालक आहे, ट्रॅक्टरवाला आहे. तो दरवर्षी नांगरताना एकेक तास तुमच्या धुऱ्यात घालतो. धुरा कोरला जातो. मोजणी करून दगड रोवा, असे कोण म्हणेल? तुम्ही म्हणाल. त्याला दगडाची गरज नाही, त्याचा ट्रॅक्टर हाच त्याचा दगड. मोजणीवाला उशिरा येतो, पैसे मागतो, कधी मोठ्याच्या ओट्यावर चहा पितो, हे सगळे खरे. तरीही मोजणीच नको असे म्हणून लहान शेतकऱ्याचे भले होत नाही. देशादेशांचेही असेच आहे.

आता २००१-०२चा हंगाम घ्या. जागतिक बाजारात १९९४-९५ साली रुईचा सरासरी भाव पौंडाला ९० सेंटच्या वर होता. २००१-०२मध्ये तो ४२ सेंटच्या आसपास आला, म्हणजे निम्म्याच्याही खाली. भाव असा पडल्यावर कोणीही शहाणा माणूस कापसाचा पेरा कमी करील. आपण केला असता, करावाच लागला असता. पण अमेरिकेतल्या कापूसवाल्याने कमी केला नाही. का? कारण त्याचा भाव बाजार देत नव्हता. २००२ सालच्या त्यांच्या शेती कायद्याने कापसाला ७२.४ सेंट हा लक्ष्यभाव ठरवून दिला. बाजार ४० सेंटवर गेला तरी मधल्या खड्ड्याची बरीचशी भर सरकारी तिजोरी घालणार. वर त्यांचा कापूस विकत घेणाऱ्या गिरण्यांना आणि निर्यातदारांना वेगळे पैसे. १९९९ ते २००२ या चार हंगामांत ही मदत १२ अब्ज डॉलरच्या वर गेली. तिचे धनी सुमारे २५ हजार शेतकरी. त्यांचा ढीग जगाच्या बाजारात ओतला गेला आणि भाव सगळ्यांचा पडला. यवतमाळचा पडला, परभणीचा पडला, आणि आफ्रिकेत मालीचाही पडला.

याविरुद्ध जिनिव्हात उभा राहिला ब्राझील. सप्टेंबर २००२मध्ये त्याने फिर्याद लावली. त्या देशाच्या कापूस उत्पादकांच्या संघटनेने खटल्याच्या खर्चात हात लावला. अमेरिकेच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठातले शेती-अर्थशास्त्राचे प्राध्यापक डॅनियल समनर यांनी हिशेब मांडून दाखवला की ही मदत नसती तर जगाचा भाव सरासरी १२.६ टक्के जास्त राहिला असता. एका अमेरिकन माणसाने आपल्याच सरकारविरुद्ध खरा हिशेब मांडला. घरी त्याच्यावर टीका झाली, पण आकडे त्याने मागे घेतले नाहीत. देशादेशांतला भाईचारा कशाला म्हणतात हे आम्ही या माणसाकडून शिकलो.

२००४ साली निकाल ब्राझीलच्या बाजूने लागला. मार्च २००५मध्ये अपिलातही तोच टिकला. अमेरिकेने थोडे बदलले, बरेच ठेवले. पुन्हा खटला, पुन्हा निकाल. अखेर २००९ साली ब्राझीलला अमेरिकी मालावर जादा कर लावायची परवानगी मिळाली. त्याने याद्या छापल्या, तेव्हा कुठे अमेरिका बोलणीला आली. २०१० साली वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर ब्राझीलच्या कापूस संस्थेला द्यायचे तिने कबूल केले, आणि २०१४ साली शेवटचे ३० कोटी डॉलर देऊन खटला मिटवला. बारा वर्षे लागली. मोजणीवाला उशिरा येतो म्हणालो ते हेच. पण जगातल्या सगळ्यात बलाढ्य देशाला एका दक्षिणेकडच्या देशाने दंड भरायला लावला, हेही याच कचेरीत घडले.

या खटल्यात भारत कुठे होता? त्रयस्थ पक्ष म्हणून बाकावर बसला होता. फिर्यादी नव्हता. आणि मिटवामिटवी झाली ती फिर्यादीशी झाली. दंड फिर्यादीला मिळाला. बाकावर बसणाऱ्याला काय मिळणार?

आफ्रिकेचे चार भाऊ

आमच्या मते आपले खरे सोयरे ब्राझीलमध्ये नाहीत. ब्राझीलचा कापूस हजारो हेक्टरांच्या शेतांवर यंत्राने निघतो. आपले सोयरे पश्चिम आफ्रिकेत आहेत. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली, हे चार देश. तिथेही पावसावरचा कापूस, लहान वावर, आणि बायाबापड्यांच्या हाताची वेचणी. एप्रिल २००३मध्ये या चौघांनी मिळून जिनिव्हात मागणी मांडली. आम्हाला दान नको, कापसावरची ही मदत बंद करा आणि ती बंद होईपर्यंत आमचे नुकसान भरून द्या. बुर्किना फासोचे राष्ट्राध्यक्ष स्वतः जिनिव्हाला जाऊन बोलले.

सप्टेंबर २००३मध्ये मेक्सिकोतल्या कानकूनला मंत्र्यांची परिषद भरली. तिथे मसुद्यात त्यांना उत्तर काय मिळाले? की जिथे कापूस मोठे पीक आहे त्या देशांनी दुसऱ्या उद्योगांकडे वळावे, त्यासाठी योजना बघू. हे बोल तुम्ही कुठे ऐकले आहेत का? आपल्याकडेही येणारा प्रत्येक पाहुणा हेच सांगतो, कापूस सोडा. भाव का पडला ते सांगत नाही. ती परिषद मोडली. पुढे २००५ साली हाँगकाँगला, २०१५ साली नैरोबीला कापसाच्या निर्यातीवरची मदत बंद करण्याचे ठरले. तेवढे झाले. पण देशांतर्गत मदत कापसात जास्त आणि लवकर कमी करू, हा हाँगकाँगचा शब्द पुढे सरकला नाही. २०१९ साली मात्र जिनिव्हात ७ ऑक्टोबरला जागतिक कापूस दिन साजरा झाला. दिवस मिळाला, भाव नाही मिळाला.

हिशेबाची वही

आता आपल्यावरचा हिशेब ऐका. १९९४च्या करारात प्रत्येक देशाने शेतीला किती मदत करतो ते मांडायचे होते. ज्यांनी आधी भरपूर मदत केली होती त्यांना ती थोडी कमी करून पुढे चालू ठेवायचा हक्क मिळाला. अमेरिकेचा तो हक्क वर्षाला १९ अब्ज डॉलरच्या वर आहे. भारताने त्या वेळी स्वतःच लिहून दिले की पिकांच्या भावांत आमची मदत उणे आहे. म्हणजे सरकार शेतकऱ्याला देत नव्हते, त्याच्याकडून काढून घेत होते. मग आपल्या वाट्याला काय आले? एकेका पिकाच्या किमतीच्या १० टक्के, यापेक्षा जास्त नाही. ज्याने लुटले त्या काळाची भरपाई नाही, उलट त्यामुळेच हात बांधले गेले. आणि हात बांधले गेले ते लुटणाऱ्याचे नाहीत, आपल्या पोरांचे.

आणि ते १० टक्के मोजायचे कसे? आजचा हमीभाव आणि १९८६ ते ८८ सालचा जागतिक भाव यांची वजाबाकी करून. त्या सालची मजुरी, त्या सालचे डिझेल, त्या सालचा दवाखाना आज कोणी धरतो का? पण भाव त्या सालचा. नोव्हेंबर २०१८मध्ये अमेरिकेने याच रीतीने सगळा पिकलेला कापूस हिशेबात धरून सांगितले की भारताची मदत कापसाच्या किमतीच्या निम्म्याहून जास्त आहे. सरकारी काट्यावर किती कापूस जातो आणि किती व्यापाऱ्याच्या काट्यावर, हे तुम्ही जाणता. बाली इथे २०१३ साली जी तात्पुरती सवलत मिळाली ती अन्नधान्याच्या सरकारी साठ्याला आहे. कापसाला ती ढाल नाही.

भारताने जे आकडे दिले ते कोणत्या खर्चावर दिले, किती खरेदी धरली, हे मराठीत छापून कोणत्या ग्रामपंचायतीत आले? वही आपली, सही दुसऱ्याची, आणि वाचायला मात्र ती जिनिव्हात.

न्यायासन रिकामे

त्या कचेरीत अपिलाचे न्यायासन होते, सात जणांचे. अमेरिकेने नवीन नेमणुका अडवल्या. ११ डिसेंबर २०१९पासून अपील ऐकायला लागणारे तीन जणही उरले नाहीत. तेव्हापासून जो हरतो तो रिकाम्या खुर्चीपुढे अपील करतो आणि घरी जातो. यात आपणही सोवळे नाही. उसाच्या भावावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया आणि ग्वाटेमाला यांनी भारतावर लावलेल्या खटल्यात डिसेंबर २०२१मध्ये निकाल आपल्या विरुद्ध गेला, आणि आपणही त्याच रिकाम्या खुर्चीपुढे अपील केले. त्या वेळी सुटलो म्हणून कारखानदार खूश झाले. पण कोर्ट बंद पडले तर उद्या फिर्याद घेऊन आपण कुठे जाणार? ऑगस्ट २०२५मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत कर चढवला तेव्हा हेच दिसले. दगड उपटला की ट्रॅक्टरवाल्याचे राज्य.

आमच्या वडिलांच्या पिढीत डंकेल प्रस्तावावरून गावोगाव भांडणे झाली. एक म्हणे, आपण गुलाम होणार. दुसरा म्हणे, जगाचा बाजार उघडणार आणि सोने होणार. तीस वर्षांचा हिशेब आता समोर आहे. गुलाम झालो नाही आणि सोनेही झाले नाही. दोघेही एक गोष्ट विसरले. करार कागदावर असतो, तो वापरणारा लागतो. ब्राझीलने वापरला.

आणि सगळे पाप जिनिव्हाच्या माथी मारू नका. ५ मार्च २०१२ला कापसाची निर्यात एका दिवसात बंद केली ती दिल्लीने. आठवड्याभरात ओरड झाली तेव्हा बंदी उठवली, पण तेवढ्यात बाजार हलला. ऑगस्ट २०२५मध्ये, बोंडे फुटायच्या तोंडावर, कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क काढले तेही दिल्लीने. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवले. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये जाहीर झाला होता. जाहीर भाव एका हाताने आणि परदेशी गाठी दुसऱ्या हाताने. जिनिव्हाचा कोणताही कलम हे करायला सांगत नाही. उलट त्यापेक्षा कितीतरी जास्त शुल्क लावायची मुभा त्या करारात आपल्याला आहे. कुंपणानेच शेत खाल्ले तर शेजाऱ्यावर फिर्याद कशी लावायची?

मग करायचे काय?

चार गोष्टी. पहिली, भारत सरकार शेतीबद्दल जिनिव्हाला जो हिशेब देते तो दरवर्षी मराठीत छापून जिल्हा कृषी कार्यालयात लावावा, ही मागणी आजच्या बैठकीत ठराव करून पाठवू. दुसरी, पेरणी झाल्यावर हंगाम संपेपर्यंत आयात शुल्क आणि निर्यातीचे नियम बदलू नयेत. ज्याने जूनमध्ये सरकी टोबली त्याने कोणत्या नियमावर टोबली, हे त्याला माहीत असले पाहिजे. तिसरी, अपिलाचे न्यायासन बंद पडल्यावर ब्राझील, चीन आणि युरोपातल्या देशांनी आपसात पर्यायी व्यवस्था केली. भारत तिच्यात गेला नाही. का गेला नाही, हे खासदारांना विचारायचे. कारण चांगले असेल तर ऐकून घेऊ. चौथी, आफ्रिकेतल्या त्या चार देशांच्या कास्तकारांशी आपला पत्रव्यवहार सुरू करू. सरकारे भेटतात तेव्हा ती कारखाना, शस्त्रे, तेल सगळे घेऊन भेटतात, कापूस शेवटी येतो. कापूसवाले भेटतील तेव्हा कापसापासूनच बोलणे सुरू होईल.

आणि एक काम आपल्या घरचे. ब्राझील जिंकला तो हिशेबावर जिंकला. आपल्यापैकी किती जणांकडे गेल्या हंगामाचा एकरी खर्च लिहिलेला आहे? वखरणीपासून वेचणीपर्यंत, घरच्या माणसांची मजुरी धरून? विद्यापीठाचा खर्च वेगळा, सरकारचा वेगळा, आणि आपला तोंडी. तोंडी हिशेब तहसीलदारापुढे चालत नाही, तो जिनिव्हात काय चालणार? पुढच्या बैठकीला प्रत्येक गावाने निदान दहा घरांची वही आणावी. मायबहिणींना विशेष विनंती, निंदणी आणि वेचणीचा हिशेब तुमच्याइतका दुसऱ्या कोणाला पाठ नाही, तो तुम्हीच सांगा, पोरांना लिहू द्या.

त्या म्हाताऱ्या बाबांना आमचे उत्तर एवढेच. बाबा, कचेरी सापडली. अर्ज सरकारच्याच हातून जाणार आहे. पण तो लिहायचा आपण, आणि पोचला की नाही ते विचारायचेही आपण.